हौसरावांची फोर व्हील

मांडवगण फराट्याच्या हौसरावांनी अकरा वर्षं एका साखर कारखान्याच्या चेरमनची गाडी चालवली. तेवढ्या काळात चेरमनला काही गाडी चालवता आली नाही, हौसरावांना मात्र चेरमनचा रुबाब आला. बोलायच्या आधी ते चष्मा कपाळावर सरकवतात, "काय हाय..." म्हणतात आणि थांबतात. तेवढ्यात माणूस चहा पिऊन येईल.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये शेखलाल अशा माणसाकडं सल्ल्याला गेला. शेखलाल सहा वस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला घालायचा. मोटरसायकलवर कॅन मावेनात, वाटेत चिखल, आठ वाजून गेले की दूध परत. आता आणखी एकदा उशीर झाला तर फेरी दुसऱ्याला देणार, असं डेअरीनं सांगून टाकलं होतं. वरवंडला एका एजंटाकडं दोन जुन्या गाड्या होत्या : चौऱ्याऐंशीची फोर व्हील, म्हणजे चारी चाकांनी ओढणारी जीप आणि चौऱ्याण्णवची व्हॅन, नुसत्या मागच्या चाकांनी ओढणारी. किंमत जवळजवळ सारखीच.

वरवंडला पोचताच हौसरावांनी व्हॅनला लांबूनच नापास केलं. "काय हाय... ह्यो डबा. चार बाया भरा आन् हळदीकुंकवाला न्या. काळ्या रानात चारी चाकांनी वडाय पायजे."

मग जीपमध्ये बसून त्यांनी गिअरशेजारचा धाकटा दांडा खटकन ओढला. "लागली फोर व्हील. ऐका आवाज."

आवाज होता तोच होता. शेखलालनं तरी मान डोलवली.

बरोबर आलेली त्याची बायको अकिला मात्र पदर खोचून गाडीखाली वाकली. "आप्पा, मागच्या चाकांकडं लोखंडी दांडा गेलाय. पुढं तर काहीच जात न्हाई."

"वैनी, पुढचा आतनं असतो," हौसराव म्हणाले.

"मागचा बाहेरनं आन् पुढचा आतनं व्हय?"

एजंट पुटपुटला, "पहिल्या मालकानं काढला पुढच्या चाकांचा शाफ्ट. डिझेल लई पीत होती."

"शाफ्टनं काय हुतंय? हात पायजे हात," म्हणत हौसरावांनी जीप शेजारच्या भिजवलेल्या रानात घातली. मागची चाकं चिखल उडवत गरगरली. पुढची दोन सत्काराला आलेल्या पाहुण्यांसारखी स्वस्थ. हौसरावांनी आणखी रेस दिली, तशी जीप बूड टेकून बसली.

शेखलालचं तोंड उतरलं. "आता गं?"

"चिखलात दोन्ही सारख्याच निघाल्या," अकिला म्हणाली. "मग दहा वर्सांनी तरणी हाय ती व्हॅनच घेऊ. चिखलात जायचंच न्हाई. कॅन डांबरीवर आणून द्या, असं मी वस्त्यांवर सांगते."

पाच वस्त्यांनी ऐकलं. सहावीचं दूध गेलं, पण फेरी शेखलालकडंच राहिली.

हौसराव हल्ली सांगतात, "काय हाय... व्हॅन म्याच निवडून दिली. जीप मुद्दाम रुतवून दाखवावी लागली." गाव ऐकून घेतं. परवा गावातला भिमाजी दौंडला जुना ट्रॅक्टर बघायला निघाला, तेव्हाही शेजारी हौसरावच बसले होते.