मुलाने घातलेली अट

मुलगा गेला, तेव्हा पुण्याहून त्याचे कपडे आणि लॅपटॉप घरी आला. आणखीही काही मागे राहिलं आहे, हे धुळ्याच्या बाईंचा फोन आल्यावर कळलं. त्या तिथं कॉलेजात शिकवतात. दृष्टी नसलेल्या मुलांना अहिराणी वाचून दाखवणारा प्रोग्राम त्या विद्यार्थ्यांबरोबर करत होत्या. तो फुकट वाटायचा होता. त्यातला शब्द नीट तोडून उच्चार लावणारा भाग माझ्या मुलानं एकट्यानं लिहिलेला. नेटवर त्यानं तो सगळ्यांसाठी ठेवला होता, म्हणून त्यांनी घेतला.

पण त्याची अट होती. माझा भाग घ्या, बदला, विकलात तरी चालेल. मात्र त्याला जोडून जे कराल ते सगळं असंच मोकळं द्या, वर दुसरं बंधन घालू नका. आवाजाचा भाग बाईंनी दुसऱ्या एकाकडून घेतला होता. त्याची अट, की आवाज कुणी विकायचा नाही. दोन्ही एकत्र वाटायचे, तर एकाची अट पाळताना दुसऱ्याची मोडत होती. कॉलेजात वापरायला हरकत नव्हती, पण बाहेर मुलांना देता येईना. आवाजवाल्यानं सूट द्यायला नकार दिला. माझ्या मुलाचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून त्याच्या लिखाणाचा हक्क आईकडे आला, असं बाई म्हणाल्या.

"काकू, अट काढू नका. फक्त ह्या एका आवाजाबरोबर चालेल, एवढी सूट लिहून द्या."

मी चौथी शिकलेली. फोनवर मला बोलणं सुचत नाही. "विचारून सांगते," म्हणाले. पण विचारायचं ज्याला, तोच नव्हता.

ती अट मला ठाऊक होती. उन्हाळ्यात आमच्या नशिराबादच्या गल्लीत बाया आळीपाळीनं पापड लाटतात. माझ्याकडे ज्या येतात, त्यांच्याकडे मला जावंच लागतं. एकदा पापड वाळत घालताना मुलगा म्हणाला, "माय, मनी अट तुमना पापडसना मायेकच शे." म्हणजे आमच्या पापडांसारखीच.

शेजारीण म्हणाली, "मंग तू बी लाटनं लईसन बैस ना. नुसता खावाले येस."

तो हसला, आणि कच्च्या पिठाची लाटी तोंडात टाकून निघून गेला.

बाई रविवारी फोन करत. उत्तराची घाई करत नसत. तो लहानपणी काय बोलायचा, अभ्यास कुठं बसून करायचा, असं विचारत. घरात त्याचा विषय कुणी काढत नाही. त्याचे वडील उठून बाहेर जातात. बाईंना मात्र मी सांगत असे, थोडं थोडं. त्याचा शब्द मोडायला मन घेत नव्हतं.

आमच्यात ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात त्या वर्षी पापड करत नाहीत. मी कुणाकडे लाटायलाही गेले नव्हते. तरी शेजारीण भरलेला डबा घेऊन आली.

मी म्हटलं, "मी तुनाकडे लाटाले उनू नही. कशी लेऊ?"

"तू काय हौसनं घरमा बठेल शे का?" ती म्हणाली. "ठेव तो डबा. नहीतं मुंग्या लागतीन." आणि थांबलीही नाही.

मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. आळीपाळीचा आमचा नियम तिलाही माहीत होता, माझ्याइतकाच. मुलानं काय केलं असतं, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही. रविवारी मी बाईंना हो म्हटलं. त्यांनी कागद पाठवला. त्याच्या वडिलांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. मुलाच्या नावाशी आले तेव्हा ते थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचू लागले. मी सही केली.

प्रोग्राम मुलांपर्यंत गेला. बाईंनी माझ्या फोनवरही पाठवला. आवाज परक्या माणसाचा आहे. पण "बठ्ठा", म्हणजे सगळा, म्हणताना मध्ये जो दम घेतो, तो आमच्या घरातला. मी एकदा ऐकून बंद केला.

बाईंचं काम झालं. त्यांना आता फोन करायचं कारण नाही, आणि मला आपणहून करायची लाज वाटते. रविवारी भाकरी करताना मी फोन ओट्यावर ठेवते. मुलाबद्दल सांगायचं अजून पुष्कळ राहिलं आहे.