काउन्सेलिंगला तीन-तीन झेरॉक्स

आता माझ्याच तोंडानं माझी फजिती सांगते. हसा खुशाल, फक्त चहा सांडू नका!

आमच्या लातुरात दर दुसऱ्या घरात क्लासची पोरं. माझ्या भिंतीला लागून शिरूर अनंतपाळची सुनीता खोली करून राहती. पोरीला, श्रावणीला, डॉक्टर करायचंय. बारावीची पोरगी, पण महिनाभर धड जेवण नाही, झोप नाही, पुस्तक उघडलं की रडू.

एक दिवस सुनीता हळूच म्हणाली, "काकू, बुधवारी श्रावणीला काउन्सेलिंगला न्यायचंय. कुणाला बोलू नका."

काउन्सेलिंग! लातुरात या शब्दाचा अर्थ एकच: मेडिकलच्या सीटचा राऊंड! परीक्षेआधीच नंबर? असंल बाई, पोरगी हुशार! बोलू नका म्हणाली ते दृष्ट लागू नये म्हणून. मी फक्त चौघींना सांगितलं.

बुधवारी मी हट्टानं सोबत निघाले. जातीचा दाखला, डोमिसाईल, फोटो, सगळं सुनीताच्या ट्रंकेतून काढायला लावलं. वर तीन-तीन झेरॉक्स!

"काकू, एवढं कशाला लागायलंय?"

"तू गप. माझ्या भाच्याचा दिवस एका झेरॉक्सपायी गेला होता!"

तिथं बघते तर बारकी खोली, रांग नाही, काही नाही. एक तरणी म्याडम. मी फाईल पुढं सरकवली. "ओरिजिनल बी आणलेत. सीट तेवढी सरकारी कॉलेजची द्या!"

म्याडमनी फाईल बघितली, मग मला. "मावशी, इथं सीट नाही मिळत. मनाला त्रास होतो ते बोलायला मुलं इथं येतात."

सुनीतानं तोंडाला पदर लावलेला. पण मागं सरल ती मी कसली?

"मग मी बी आत बसते. पोरगी लाजती, मी सांगते सगळं!"

"आधी आईशी थोडं बोलते, मग श्रावणी एकटी. तिचं बोलणं तिला विचारल्याशिवाय आईलाही सांगणार नाही. जिवाला धोका दिसला तरच सांगावं लागतं. आणि एका दिवसात होत नाही हे, काही वेळा यावं लागेल."

"अन् गोळ्या?"

"मी गोळ्या देत नाही. बोलायचं, आणि घरी करून बघायला एखादं छोटं काम."

पाऊण तास मी बाहेर. दाराला कान लावला, खोटं कशाला बोलू? नुसता पंखा ऐकू आला!

रिक्षात मी सुरू, "काय विचारलं गं, श्रावणी?"

"काकू, आतलं आतच राहतंय."

तीन बुधवार असेच. पोरगी दोन घास जास्त खायला लागली; माझं मात्र अन्न गोड लागंना!

चौथ्या बुधवारी पोरगी एकटीच माझ्या दारात. "काकू, म्याडमनी काम दिलंय. ज्याची धास्ती वाटते त्याला तोंडावर सांगायचं."

"सांग की! कोण छळतंय? नाव घे, आत्ता जाते!" मी पदर खोचला.

"तुम्ही, काकू. रोज संध्याकाळी दार वाजवून 'किती पडले?' विचारता. सहा वाजले की माझ्या पोटात गोळा येतो."

खोचलेला पदर मी गुपचूप सोडला.

तेव्हा ठरवलं ते ठरवलं. पुन्हा मार्क विचारले नाहीत! आता सहा वाजता बाहेरूनच ओरडते, "श्रावणी, दही मागायला आले गं, मार्क नाही!"

आणि ती आतून हसत, माझ्याच सुरात विचारती, "किती?"

आता सांगा, पोटात गोळा कुणाच्या येतो?