अजून दोन बोटं

संध्याकाळी अण्णा उजवा हात मावळतीकडे लांब करायचे, चार बोटं आडवी धरायचे आणि सूर्य नि डोंगर यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते एक डोळा मिटून बघायचे. "अजून दोन बोटं हाय," असं म्हणून पुन्हा कामाला लागायचे. आमच्या बेळगुंदी गावात प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता. तरी दिवस किती उरला ते आम्ही अण्णांनाच विचारायचो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ते कास्टिंग घासायचे, मी तिथंच स्टोअरला होतो. मे-जूनमध्ये सकाळची पाळी करून गावात आले की हा माणूस घरात ठरायचाच नाही. शेताच्या बांधावर जा, कुणाची मोटरसायकल उघडून बस, वाटेत पोरांची क्रिकेट चालली असेल तर दोन ओव्हर टाक. एकदा तर शेजाऱ्याचं कुंपण त्याला न विचारताच नीट करून ठेवलं. "उजेड वाया घालवू नये रं," एवढंच कारण.

दिवाळी झाली की मात्र हाच माणूस उतरून जायचा. मोटरसायकल पडवीत, स्वतः बसने. लग्नातल्या रात्रीच्या जेवणाचं आवतण दिलं तर दुपारीच हजर, नवरदेवाच्या आधी जेवून घरी परत. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. त्यांची बायको, आमच्या वैनी, म्हणायच्या, "जूनात घरात ऱ्हाईत न्हाईत, नि थंडीत घराभायेर पडत न्हाईत. मी करू तरी काय?" तुमच्याही ओळखीत असा एखादा विक्षिप्त असेल. आपण त्याला हसतो आणि विसरतो.

एका थंडीत आमची बस वाटेत बंद पडली आणि गावात उतरेस्तोवर अंधारलं. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल, बोलत बोलत जाऊ." मला वाटलं, आज स्वारी खुशीत आहे. पुढच्या वळणावर ते सरळ गटारात गेले. दिव्याचा खांब चार पावलांवर होता, रस्ता मला स्वच्छ दिसत होता.

बाहेर काढलं तेव्हा कठड्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणापासून रातांधळेपणा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी रात्र जाते, मग कडा जातात, शेवटी मधलंही जातं. औषध नाही.

"रातीचं न्हाय दिसलं तर न्हाय," ते म्हणाले. "पर आता दिवसबी बारीक व्हाय लागलाय. पायपातनं बघितल्यागत दिसतंय. लई भ्या वाटतंय रं."

त्या दिवसापासून मला त्यांच्या बोटांकडे बघून हसता आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये पावसाने ओढ दिली. पावसाआधीच धूळवाफेवर पेरलेलं भात उगवून करपायला लागलं होतं. गाव देवळात जमलं, पावसासाठी गाऱ्हाणं घातलं. सगळे "व्हय" म्हणत होते, अण्णा मागे खांबाला टेकून गप्प उभे. बाहेर पडल्यावर माझ्या कानाशी आले. "मी उलटंच मागितलं. आमच्याकडं वर्साचा सगळ्यात मोठा दिवस दर साली ढगात जातोय. म्हटलं, या साली तेवढा एक दिवस थांब. फुडच्या साली मला दिसंल का न्हाय, कुणास ठावं." मग म्हणाले, "माझंबी भात हाय की रं त्यात. पाप लागंल का?"



त्या सगळ्यात मोठ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं मोकळं होतं. अण्णांनी रजा टाकली. आम्ही पहाटेच निघालो आणि दिवसभर हिंडलो. त्यांनी प्रत्येक झाड पुढून बघितलं, मागून बघितलं. ओढ्यात राहिलेलं हातभर पाणी बघत बसले. सूर्य कलला तसे डोंगराकडे वळले. पायथ्याशी सूर्य बुडाला तेव्हा मी परत फिरलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "वर चल. खाली बुडला तरी वर असतोय."

होता खरा. आम्ही चढलो की तो पुन्हा दिसायचा, बुडायचा, आणि अण्णा पुन्हा वर धावायचे. काट्याने पोटरी फाटली होती, दम लागला होता. माथ्यावर पोचलो तेव्हा तिथूनही तो गेला. ते एका धोंड्यावर चढले, टाचा उंचावून उभे राहिले. आता त्यापेक्षा उंच काही नव्हतं. तिथं ते लहान मुलासारखे रडले आणि मी त्यांचे पाय धरून खाली उभा राहिलो, पडतील म्हणून.

उतरताना माझ्या खांद्यावर हात होता. पश्चिमेकडून गार वारा सुटला. "आता येऊ दे पाऊस," ते म्हणाले. दोन दिवसांनी आला, भात वाचलं.

अण्णांचं मधलंही आता गेलं. नोकरी सुटली, पडवीत बसून असतात.

परवा, यंदाच्या जूनमधल्या त्याच मोठ्या दिवशी, संध्याकाळी गेलो होतो. बाहेर झड लागली होती. माझी चाहूल लागताच त्यांनी हात लांब केला, चार बोटं आडवी धरली. समोर भिंत होती. मी कोपर धरून त्यांचा हात मावळतीकडे वळवला.

"किती हायत?"

"ढग हाय, अण्णा. मलाबी काय दिसंना."

"तुलाबी न्हाय दिसत, व्हय?" त्यांना हसू आलं. "मग थांबू की. सरंल ढग."

जूनचा आमच्याकडचा ढग महिना महिना सरत नाही. हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.