अण्णांची बंदूक आणि ओढणीची गाठ

आधीच सांगते, मी नाशिकच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. कुणी ‘मॅडम, आमच्या मळ्यात चकवा लागतो’ म्हणालं की त्याला फळ्यापाशी उभं करून चकव्याचा वेग काढायला लावणारी बाई आहे मी. इथले अनुभव मी चहाबरोबर वाचते, करमणूक म्हणून... आणि निम्म्या वेळा खाली खवचट कमेंटही टाकते. तेव्हा आज कुणी माझी तशीच फिरकी घेतली तर रागावणार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

माझे वडील, अण्णा, फौजेतून निवृत्त होऊन नामपूरला परत आले आणि मग सतरा वर्षं एका बँकेत गार्ड होते. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेला गार्ड असतो ना, त्याच्याजवळची बंदूक पुष्कळदा त्याची स्वतःची असते, स्वतःच्या लायसन्सवरची. अण्णांचीही तशीच होती, बारा बोरची दुनळी. नोकरी संपली तरी त्यांनी लायसन्स रिन्यू करत ठेवलं.

त्यांचा एक नियम होता. बंदूक हातात घेतली की आधी मधून उघडायची, दोन्ही नळ्यांतून पलीकडे बघायचं, आणि मगच पुढचं काय ते. मी लहान असताना मला मांडीवर घेऊन ते नळ्या माझ्या डोळ्यांसमोर धरायचे आणि आमच्या अहिराणीत विचारायचे, “उजेड दिसस का?” दोन गोल उजेड दिसायचे. मी “दिसस” म्हणाले की मगच ते पुसायचं कापड हातात घ्यायचे.

गेल्या वर्षी दसऱ्याला सकाळी त्यांनी बंदूक पाटावर मांडून पूजा केली. नळ्या आणि लाकडी दस्ता जिथे जुळतात, म्हणजे बंदूक उघडते त्याच जागेवर, झेंडूची माळ गच्च बांधली. दुपारी जेवून उठताना ते कोसळले आणि तिसऱ्या दिवशी गेले. दसऱ्याला येते असं मी त्यांना सांगितलं होतं आणि पेपर तपासायचेत म्हणून गेले नव्हते. हे लिहायचं नव्हतं, पण ते टाळून बाकीचं लिहिताच येत नाही.

दिवाळीनंतर प्रश्न आला बंदुकीचा. लायसन्सवाला माणूस गेला की ती घरात ठेवता येत नाही. पोलिसांत कळवायचं आणि ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्राच्या दुकानात जमा करायची. आई म्हणाली, ठाण्याच्या खोलीत गंजून जाईल, दुकानात तेलपाणी तरी होईल. दुकान नाशिकला. आणि आमच्याकडे गाडी म्हणजे नवऱ्याची स्कूटर, तीही नाशिकला. चुलतभावाची कार दारात उभी होती, पण त्याला बंदूक खांद्यावर घेऊन स्टेटस टाकायचं होतं. मी म्हटलं, तुझी कार तुलाच लखलाभ, मी एसटीने जाईन.

ठाण्यात हवालदार अण्णांच्या ओळखीचे निघाले. त्यांनी माझ्या नावाचं पत्र करून दिलं आणि नीट समजावलं. बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये हवी. काडतुसं वेगळ्या डब्यात, कुलूप लावून. लायसन्स आणि पत्र हाताशी. वाटेत कुणाच्या हातात द्यायची नाही, नजरेआड करायची नाही.

मग त्यांनी काडतुसं मोजली. लायसन्सवर पंचवीस होती, डब्यात चोवीस भरली.

“एक कमी हाय ताई.”

“घरात कुठंतरी पडलं असेल.”

“शोधा. सापडलं की कळवा, लपवू नका. आणि बंदूक रिकामी आहे ना? बघितलीत?”

“बघितली,” मी म्हणाले, आणि अर्जावर सही केली.

मी बघितली नव्हती. अण्णा कोसळले त्या धावपळीत आईने बंदूक माळेसकट कव्हरात घातली होती, ती तशीच होती. सकाळी मी चेन उघडून माळेला हात लावला तर आई रडायलाच लागली. “त्यासनी बांधेल गाठ शे ती. तू सोडू नको.” माळ सोडल्याशिवाय बंदूक उघडत नव्हती. वाळलेली ती फुलं बघून माझाही धीर झाला नाही. हवालदारांनीही कव्हर उघडलं, माळ बघितली, हात जोडले आणि चेन लावून टाकली. ज्या मुलीला सातव्या वर्षी हा नियम पाठ होता, तिने पत्रावर खोटी सही केली. आजही तो कागद आठवला की मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची गाडी. कंडक्टरने पत्र दोनदा वाचलं, मला अर्धं तिकीट दिलं आणि म्हणाला, “बसा मॅडम, पण बाकीच्यांना भ्या वाटंल असं काय करू नका.” मला मधली खिडकी मिळाली. पुढच्या सीटवर एक बाई होती, कडेला गाठोडं, आणि पायाशी गोधडीवर तिची तीन-एक वर्षांची मुलगी झोपलेली. बाईने मागे वळून कव्हर बघितलं.

“ताई, ते काय शे? बंदूक?”

“हो. रिकामी आहे.”

“मनी पोर खाले निजेल शे. सांभाळजो बरं.”

सटाणा सुटलं तोवर बंदूक मी गुडघ्यांत उभी धरली होती. कंडक्टर आला. “मॅडम, उभी नका धरू. मागची मंडळी इचारत्यात. आडवी टाका खाली.” त्याचंही बरोबर होतं. मी ती पुढच्या सीटखाली लांब सारली. दस्ता माझ्या टाचांशी, नळ्या पुढे. पुढे म्हणजे त्या गोधडीकडे... पण रिकामीच तर होती.

पर्स उघडून मी पत्र जागेवर आहे का बघितलं. दोन मिनिटं लागली असतील. मान वर केली तर बंदूक माझ्या गुडघ्यांत उभी! नळ्यांचं तोंड टपाकडे. मला वाटलं, आपणच उचलली असेल, रात्री नीट झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. पुन्हा आडवी टाकली आणि वर माझी कपड्यांची बॅग ठेवली, चांगली आठ-नऊ किलोची.

देवळ्याच्या स्टँडवर नवऱ्याचा फोन आला. मी खिडकीबाहेर बघत बोलत होते. तेवढ्यात कंडक्टरचा आवाज चढला. “ओ मॅडम! कितींदा सांगायचं?” बंदूक उभी. बॅग बाजूला सरकवलेली, तीही नीट, पडलेली नाही.

“मी नाही उचलली,” मी म्हणाले.

“मंग काय तिला पाय फुटले? हे बघा, पुन्हा उभी दिसली तर चांदवडला उतरवीन.”

गाडीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मला घाम फुटला. रागही आला, त्याचा आणि माझा. मी म्हटलं, “तुम्हीच बांधा मग.” बंदूक मी स्वतःच आडवी धरली, आणि त्याने माझी ओढणी घेतली, कव्हरच्या पट्ट्यातून ओवली, सीटच्या लोखंडी पायाला दोन वेढे दिले आणि अशी गाठ मारली की ओढणी करकरली. हा पट्टा दोन्ही टोकांना कव्हरला शिवलेला, हे लक्षात ठेवा. सीटचा पाय खाली बोल्टने जखडलेला. नळ्या पुन्हा त्या गोधडीच्या दिशेने.

आता मात्र मी नजर हलवायची नाही असं ठरवलं. खाली बघत बसले. आणि का कोण जाणे, त्या हरवलेल्या काडतुसाचा विचार पहिल्यांदा नीट डोक्यात आला. चोवीस. पंचविसावं कुठे गेलं? अण्णा वस्तू हरवणारे नव्हते. पुढे वाकून मी त्या बाईला म्हणाले, “ताई, पोरीला वर घ्या. मांडीवर घ्या.”

“कसाले?” ती म्हणाली. कशाला?

मी काय सांगणार होते? गाडी भाबडबारीच्या उतारावर होती. “घ्या हो, घ्या!” मी जवळजवळ ओरडलेच, आणि त्याच क्षणी ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. वळणावर कांद्याची ट्रॉली आडवी झाली होती. सगळी गाडी पुढे फेकली गेली. गाठोडी, डबे, माणसं. मी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला. आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात मला एक बारीक आवाज आला. टक्. कंपासपेटी बंद केल्यासारखा.

माझ्या दोन्ही हातांत दांडा होता. बंदूक माझ्या गुडघ्यांत उभी होती. कुणीही धरलेली नव्हती. सगळं पुढे गेलं आणि ती तसूभरही कलली नाही, तोंड सरळ वर.

मुलगी जागी होऊन रडायला लागली. तिला काही झालं नव्हतं. कंडक्टर सीटांना धरत धरत आला, माझ्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि खाली बघितलं. ओढणी सीटच्या पायाला होती तशी बांधलेली होती. वेढे तसेच, गाठ तशीच, फक्त कव्हरचा पट्टा त्यात नव्हता. पट्टा अख्खा, एक टाका उसवलेला नाही. तो उकिडवा बसला, गाठीवरून बोट फिरवलं.

“ही मी बांधलीय,” तो हळू आवाजात म्हणाला. “ही सुटलेली नाय.” मग बंदुकीकडे बघून विचारलं, “कुणाची म्हणायची ही?”

“वडिलांची. दसऱ्यानंतर गेले.”

“राहू द्या उभी,” तो म्हणाला. त्यानंतर नाशिकपर्यंत त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ती पुन्हा हलली नाही. मीच नळ्यांच्या वर कुणी येऊ नये म्हणून अंग चोरून बसले होते. पिंपळगावला बाई पोरीला घेऊन उतरली. सीबीएसला सगळे उतरल्यावर कंडक्टरने कुणाकडून तरी ब्लेड आणलं आणि गाठ न सोडता ओढणी दुसऱ्या बाजूने कापली. “गाठ सोडू नका मॅडम. पुढं कुणी इचारलं तर दाखवा.”

रिक्षाने दुकानात गेले. दुकानदार वयस्कर, शांत गृहस्थ. मी म्हटलं, काका, आधी हिचं तोंड भिंतीकडे करा आणि मग उघडा. त्यांनी माळेची गाठ नखाने सोडली, फुलं कागदावर ठेवली आणि बंदूक उघडली. उजव्या नळीत पितळ चमकलं.

पंचविसावं.

त्यांनी ते बाहेर काढलं, चष्मा वर करून त्याच्या बुडाकडे बघितलं आणि खुर्चीवर बसले. “ताई, यावर पिन आपटलीय. हा बघा खड्डा. उडायला पाहिजे होतं हे. वाटेत कुठे जोरात धक्का बसला होता का?”

मी ‘हो’ म्हणाले आणि ब्रेकचं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाले, अर्जात जे खरं आहे ते लिहा. मी सगळं लिहिलं, मी न बघता सही केली हेही. हवालदारांनी नंतर बोलावून घेतलं आणि जे बोलायचं ते बोलले. मी ऐकून घेतलं.

दुकानातूनच आईला फोन केला होता. तिला बंदूक भरलेली असेल हे माहीत नव्हतं, पण विचारल्यावर अगदी सहज म्हणाली, “पूजाले रिकामं हत्यार ठेवू नही, म्हनीसन एक घालेत ते. संध्याकायले सोनं वाटी उनात का काढी लेत.” म्हणजे दर दसऱ्याला एक काडतूस घालायचे आणि संध्याकाळी सोनं वाटून आले की काढायचे. मग म्हणाली, “यंदा ते सोनं वाटाले गयातच नही ना.”

आता तुमच्या कमेंट. जुन्या बंदुकीचा घोडा झिजतो, धक्क्याने पडतो, मान्य. काडतूस जुनं होतं, सर्दावलं होतं म्हणून उडालं नाही, तेही मान्य. पहिल्या दोन वेळा मीच नकळत उचलली असेल, चला, तेही मान्य करते. पण शिवलेल्या पट्ट्यातून ओवलेली ओढणी, गाठ न सुटता आणि काही न तुटता पट्ट्याबाहेर कशी येते? कापलेली ओढणी गाठीसकट माझ्या कपाटात आहे. वर्षभर मी चित्रं काढून बघितली, शाळेतल्या गणिताच्या सरांपुढे दोरी आणि पट्टा घेऊन बसले. उत्तर नाही. आजही नाही.

आणि रात्री छळतं ते वेगळंच. ते टक् झालं तेव्हा बंदूक आडवी असती, आणि काडतूस सर्दावलेलं नसतं तर... पुढे ती गोधडी होती.

यंदाच्या दसऱ्याला पेपरांचे गठ्ठे तसेच ठेवून मी झेंडूची माळ घेतली आणि दुकानात गेले. दुकानदार काकांनी बंदूक काढून टेबलावर ठेवली. मी म्हटलं, आधी उघडा. त्यांनी उघडली आणि नळ्या माझ्या डोळ्यांसमोर धरल्या. रस्त्यावरचं ऊन पलीकडून येत होतं. दोन गोल उजेड.

“दिसस,” मी म्हणाले. चांगलं मोठ्याने.

काकांनी काही विचारलं नव्हतं. मी कुणाला सांगितलं, हेही त्यांनी विचारलं नाही.