पाहुण्यांपुढचं फ्रेंच

बी.ए.ला मी फ्रेंच घेतलं, तेव्हा पहिला टोला आत्यानं हाणला. "काऊन वं? आपल्या दुकानात कोन फ्रान्सचं गिऱ्हाईक येऊन राह्यलं?" समुद्रपूरला आमचं किराणा दुकान, गिऱ्हाईक सारं आजूबाजूच्या खेड्यांतलं. बाबा मात्र खूश झाले. "शिकू दे. गावात कोनाले येत नाई, ते आपल्या पोरीले येईन." माझे बाबा भारी हौशी. त्या हौशीनंच पुढे माझा घात केला.

कॉलेज वर्ध्याला, मुक्काम नालवाडीत मावशीकडे. फ्रेंचच्या मॅडम पाँडिचेरीच्या. वर्गात आम्ही चार टाळकी, त्यातली निम्मी मार्क बरे पडतात म्हणून आलेली. मीही काही फार थोर कारणानं गेले नव्हते, इंग्रजीवाल्या पोरींचा तोरा मला सहन होत नव्हता, एवढंच. पण दिवाळीपर्यंत मला त्या भाषेचं वेडच लागलं. मॅडम ओठांचा चंबू करायला सांगायच्या, आणि चुलीपुढे फुंकणी धरून वाढलेल्या आम्हा पोरींना ते झटकन जमायचं. सायकलवर येताना मी तेच घोकत यायची. मावशी दारातून विचारायची, "कोनाले शिट्ट्या मारून राह्यली?"

मराठीत मी कुणाची पोरगी, कुणाची भाची, कुणाच्या घराण्याची इज्जत. फ्रेंचमध्ये नुसती मी. मला काय आवडतं, मला कुठे जायचंय, हे जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलं ते त्या वर्गात, आणि तेही धडा म्हणून. आजही संध्याकाळी कधी तो वर्ग आठवतो आणि जीव कासावीस होतो.

शेवटच्या वर्षी मॅडम म्हणाल्या, एम.ए.ला नागपूरला जा, होस्टेलचं मी बघते. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "पाहू." आमच्या घरात 'पाहू' म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं, तरी मी आशा धरून बसले. परीक्षा संपली आणि कारंज्याचं स्थळ आलं. हायवेवर त्यांचं ट्रकच्या टायरांचं दुकान.

पाहुणे आले. आलुपोहे झाले, चहा झाला. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सगळं विचारून झालं. मग बाबांना राहवलं नाही. "आमची पोरगी फ्रेंच बोलते जी. बोल बेटा, दाखव बोलून."

आता मराठीत का नाही सांगितलंस, असं कुणी विचारू नये. पाहुण्यांपुढे मान खाली घालून बसलेल्या पोरीनं विचारलं तेवढंच बोलायचं असतं. पण फ्रेंच तर बाबांनीच बोलायला सांगितलं होतं. मी मान वर केली आणि फ्रेंचमध्ये म्हणाले, "मला हे लग्न करायचं नाही. मला नागपूरला जाऊन शिकायचं आहे. बाबा, मला जाऊ द्या."

बैठकीत सगळे खूश. होणारे सासरे म्हणाले, "वा! कानाले कसं गोड लागते. अजून एकडाव बोल, पोरी."

मी पुन्हा तेच बोलले. या वेळी सावकाश, बाबांकडे बघत, एकेक शब्द सुटा करून. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमानानं. मला वाटलं उठावं आणि त्यांना गदागदा हलवावं. त्याच दुपारी सुपारी फुटली.

नवरा भला माणूस निघाला, खोटं कशाला बोलू. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नाही. फक्त घरी पाहुणे आले, की चहा पिता पिता मोठ्या कौतुकानं सांगायचा, "हिले फ्रेंच येते. बोलून दाखव ना." मग मी पदर सारखा करायची आणि बोलायची. सगळे माना डोलवायचे.

त्या तीन वाक्यांपलीकडे दुसरं काही मी पाहुण्यांना कधी बोलून दाखवलं नाही. बाकी फ्रेंच हळूहळू विसरून गेले. तेवढं अजून चोख येतं, बाबा गेले तरी.