जपान साफ करताना

माझ्या नवऱ्याने जपानमध्ये बारा दिवसांत चार हजारांवर फोटो काढले, आणि त्यातल्या एकातही जपानी माणूस जेवताना, खोकताना किंवा कंटाळून बसलेला दिसत नाही. माणूस असलाच तर पाठमोरा, छत्री घेतलेला आणि धुक्यात. मी एकदा विचारलं, की अरे, या देशात कोणी राहतं की नाही? तर म्हणाला, "तुला फोटोग्राफीतलं काही कळत नाही." ते खरंच आहे. मला सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधता येतात, एकवीस वर्षं त्यावरच पोट भरतेय.

हे खूळ आमच्या घरात आलं ते इथे नेदरलँड्समध्ये, झुइडओस्ट भागातल्या त्याच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांमुळे. सोमवार ते शुक्रवार ते डेटाची हलवाहलव करतात आणि शनिवारी सकाळी एकदम 'सर' होतात. त्यांच्यामागे सहा-सात मराठी मंडळी, सगळी पन्नाशीला टेकलेली, गुडघे दुखणारी, पण खांद्यावर ही भलीमोठी बॅग. पवनचक्क्या काढून झाल्या, ट्युलिप काढून झाले, कालव्यातलं प्रतिबिंब तर इतक्यांदा काढलं की बदकंसुद्धा यांना बघून वाट बदलायला लागली. मग सरांनी जाहीर केलं, "आता जपान!"

सरांची शिकवण एका वाक्याची: फ्रेम स्वच्छ पाहिजे. विजेची तार आली, काढून टाका. कचऱ्याचा डबा आला, काढून टाका. कोणी आगंतुक माणूस आला, त्यालाही काढून टाका. हल्ली कॉम्प्युटरवर नुसतं बोट फिरवलं की वस्तू नाहीशी होते आणि मागची भिंत आपोआप भरून येते. आमची मंडळी या जादूवर इतकी लुब्ध, की घरी पाहुण्यांना फोटो दाखवताना आधी काय काय काढलं तेच सांगतात.

आम्ही बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या वस्तीत राहतो. इथे जपानी कुटुंबं बरीच आहेत. कंपनीच्या बदलीवर येतात, चार-पाच वर्षं राहतात आणि परत जातात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाई मात्र राहिल्या. नवरा इथेच वारला, मूलबाळ नाही, वय त्र्याऐंशी. आमच्या दोघींचं डच सारखंच मोडकं, म्हणून आमचं छान जमतं. मी त्यांना 'मेव्ह्रौ' म्हणते, आपल्याकडे 'बाई' म्हणतो तसं, आणि त्या मला 'शेजारीण' म्हणतात. मी लिंबाचं लोणचं दिलं की त्या खारवलेल्या आंबट फळांची बरणी देतात. दोघीही तोंड वाकडं न करता एकमेकींचं खातो.

आम्ही जपानला चाललोय हे कळल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं आणि आधी दार लावून घेतलं. त्यांना एक धाकटा भाऊ आहे. वडील गेले तेव्हा आजीबाईंचा नवरा इथे इस्पितळात होता, त्यामुळे त्या अंत्यविधीला जाऊ शकल्या नाहीत. भावाने एकच पत्र पाठवलं: आता येऊ नकोस. त्याला एकतीस वर्षं झाली. त्यांनी दर वर्षी पत्र टाकलं. उत्तर एकदाही आलं नाही. पत्रं परतही आली नाहीत.

"तो जिवंत आहे की नाही, एवढंच मला कळू दे," त्या म्हणाल्या. "त्याला भेटू नकोस. माझं नाव सांगू नकोस. चिडेल. फक्त घराचा फोटो आण, फोटोवरून मला कळेल."

मी लगेच मोबाइलवर नकाशा उघडून पाहिला. नकाशावाल्यांची गाडी मोठ्या रस्त्यापर्यंतच गेली होती, भावाची गल्ली अरुंद. आजीबाईंनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. मी ती पासपोर्टात ठेवली आणि शब्द दिला. नवऱ्याला एवढंच सांगितलं, की आजीबाईंना त्यांच्या माहेरच्या घराचा फोटो हवाय. भावाचं काही बोलले नाही. कारण आमच्याकडे नऊ वाजता सांगितलेली गोष्ट सव्वानऊला व्हॉट्सॅपवर असते.

मग ती सहल! देवा रे देवा. सामानात मेतकूट, चिवडा, तिखटमिठाचे पोहे, आणि तोंडात एकच वाक्य, "शिस्त बघा, शिस्त!" गाडी वेळेवर आली, शिस्त. रस्त्यावर कागद नाही, शिस्त. अहो, वीस-वीस वर्षं नेदरलँड्समध्ये राहिलात, इथल्या गाड्या काय बैल ओढतात? एका देवळात यांनी पायऱ्यांवर कॅमेऱ्यांच्या पाच तिवया लावल्या. एक म्हातारी दर्शनाला आली होती. ती बिचारी बाजूला उभी राहिली, यांचं आटपेना तेव्हा लांबूनच हात जोडून निघून गेली. सर म्हणाले, "किती नम्र लोक!" मला इतकी लाज वाटली, की मी त्या म्हातारीच्या मागे धावले, पण गाठून बोलणार तरी काय? क्योतोत किमोनो घातलेल्या तीन मुली दिसल्या. झालं, सगळे त्यांच्यामागे. 'अस्सल जपानी सौंदर्य' टिपून झाल्यावर त्यातली एक मुलगी हिंदीत म्हणाली, "अंकल, हमें भी भेज दीजिए." भाड्याचे किमोनो, मुलगी नागपूरची. तो फोटोही नंतर आमच्या मराठी मंडळाच्या कॅलेंडरावर आला, खाली 'जपानी लावण्य' असं लिहून.

नवव्या दिवशी आजीबाईंच्या भावाच्या गावाला जायचं होतं. आमच्या मुक्कामापासून छोट्या गाडीने दीड तास. आणि इथे मी माती खाल्ली. आठ दिवस या लोकांमागे चालून माझ्या टाचा सोलवटल्या होत्या, आणि त्या हॉटेलात गरम झऱ्याच्या पाण्याची आंघोळ होती. मी नवऱ्याला म्हटलं, "तूच जा. समोरून नीट फोटो काढ." तो कुरकुरला, कारण बाकीचे तळ्यातलं डोंगराचं प्रतिबिंब काढायला चालले होते. तरी चिठ्ठी घेऊन गेला. मी मानेपर्यंत पाण्यात बसून राहिले. शब्द मी दिला होता आणि पाळायला पाठवलं नवऱ्याला.

संध्याकाळी आला तो खुशीत. "अगं, खजिना मिळाला! काय घर आहे! जरा पसारा होता, पण ते बघू."

घरी आल्यावर दोन रविवार तो त्या एका फोटोला चिकटून होता. फोटो झालाही देखणा, उगीच खोटं कशाला बोलू? काळपट लाकडाचं घर, ओलं छप्पर, सरकतं दार, आणि गल्लीत चिटपाखरू नाही. 'नीरव' असं नावही दिलं त्याला. मीसुद्धा म्हटलं, "वा!" मोठी प्रत काढून, चौकट करून आम्ही दोघं खाली गेलो. आजीबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. बराच वेळ बघितलं. मग वाकल्या आणि म्हणाल्या, "फार सुंदर." चहा दिला. भावाचं काही कळलं का, हे नवऱ्यासमोर मी कशी विचारणार? नंतर विचारू म्हटलं, आणि मग ऑफिसचं काम अंगावर आलं. पंधरा दिवस गेले.

दिवाळीचा फराळ द्यायला मी खाली गेले. त्यांच्या बैठकीत भिंतीला लागून एक छोटं लाकडी कपाट आहे. त्यात नवऱ्याचा फोटो. त्याच्यापुढे त्या रोज सकाळी वाटीभर भात ठेवतात आणि उदबत्ती लावतात. ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी कपाटाशेजारी आमचा फोटो होता. त्याच्यापुढे दुसरी वाटी आणि दुसरी उदबत्ती.

हे कळायला मला डच लागलं नाही की जपानी लागलं नाही. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतात, ते मी लहानपणापासून बघितलंय.

"मेव्ह्रौ, हे कशासाठी?" मी विचारलं.

"दारात एकही कुंडी नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तो कुंड्यांशिवाय राहणारच नाही. लहानपणी आईच्या तेलाच्या डब्यांतसुद्धा रोपं लावायचा. दोरीवर कपडे नाहीत, सायकल नाही. घर रिकामं आहे. तो गेला. पण तुझे उपकार झाले, मला कळलं तरी."

फराळाचा डबा मी तिथेच कुठेतरी ठेवला आणि जिना कसा चढले ते मला आठवत नाही. नवरा सोफ्यावर चकली खात होता.

"त्या घराच्या दारात कुंड्या होत्या का?"

"चिक्कार! अगं, गंजके डबे, बादल्या, फुटकी बेसिनं, त्यात काय काय लावलेलं. दोन तास गेले माझे ते साफ करण्यात."

"आणि कपडे?"

"होते ना दोरीवर. लेंगेबिंगे. तेही काढले. सायकल होती, ती काढली."

"आणि माणूस? माणूस होता का तिथे?"

"होता एक म्हातारा," तो चकली मोडत म्हणाला. "गंजीफ्रॉकवर. सारखा फ्रेममध्ये येत होता. हातात झारी, आणि माझ्यावर ओरडत होता. त्यालाही उडवला. गंजीफ्रॉकमधला म्हातारा बघायला जपानला कशाला जायचं, तो डोंबिवलीत पण आहे."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या पंचवीस वर्षांच्या संसारात लग्नकार्य, आजारपण, नोकऱ्या जाणं सगळं झालं, पण अशी कधी बोलले नव्हते. त्याला आधी काहीच कळेना. मग भावाचं सगळं सांगितलं, तसा तो हळूहळू पांढरा पडला. "मला आधी का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाला. व्हॉट्सॅपवर जाईल म्हणून, असं म्हटलं असतं, पण मग मी स्वतः का नाही गेले? आंघोळीला बसले होते, हे उत्तर झालं का?

"मूळ फोटो काढ."

मूळ फोटो नव्हता. सरांचा दंडक, अंतिम प्रत झाली की बाकीचं निर्दयपणे पुसायचं. तासभर सगळ्या डिस्का धुंडाळल्या. मग त्याला आठवलं, आणि ते सांगतानाही त्याला माझ्याकडे बघवेना. ग्रुपवर त्याने 'आधी आणि नंतर' असे दोन फोटो शेजारी शेजारी टाकले होते, आपली करामत दाखवायला.

ते सापडले. डावीकडे घर होतं, जसं होतं तसं. डबे, बादल्या, लेंगे, टेकवलेली सायकल, आणि दाराशी एक टकलू, पोट सुटलेला म्हातारा, झारी उगारून तोंड उघडून ओरडणारा. खाली हसून लोळणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. सरांनी लिहिलं होतं, "आता जपान वाटतंय!" त्याखाली माझाही अंगठा होता. न बघता दिलेला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मी दिवसभर असे अंगठे वाटते.

नवऱ्याला हाताला धरून खाली नेलं. "तू सांग," म्हटलं, "तूच पुसलायस." त्याच्या डचची बोंब, म्हणून शेवटी मीच सांगितलं. आम्ही फोटो सुंदर करायला गेलो आणि तुमचा भाऊ पुसला. मोबाइल त्यांच्या हातात दिला. व्हॉट्सॅपवर चेपलेला फोटो, मोठा केला की चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. त्या भिंग घेऊन आल्या.

किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मला वाटलं, आता या आम्हाला हाकलतील, आणि हाकलावंच.

"हा ओरडतोय," त्या म्हणाल्या.

"हो. मोठ्याने," नवरा खाली मान घालून म्हणाला.

"माझ्यावर नाही," आजीबाई म्हणाल्या. "तुझ्यावर." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, हातातलं भिंग खाली ठेवेनात. मग उठल्या, आमच्या फोटोपुढची भाताची वाटी घाईघाईने उचलून स्वयंपाकघरात नेली. उदबत्ती पाण्यात बुडवून विझवली. जिवंत माणसाचं पान वाढलं गेलं होतं.

परत आल्या त्या केस नीट करत. "माझा एक फोटो काढ," मला म्हणाल्या. "पत्राला तो उत्तर देत नाही. फोटो पाठवते. मीही आहे, हे त्याला कळू दे."

नवरा ताडकन उठला, "मी कॅमेरा आणतो, खिडकीचा उजेड छान—"

"तू नको," आजीबाई म्हणाल्या. "तिने काढायचा. फोनवर."

त्या खुर्चीत बसल्या. मागे वाळत घातलेला टॉवेल, औषधाच्या बाटल्या, माझा फराळाचा डबा. नवरा टॉवेल काढायला पुढे झाला, तेवढ्यात मी बटण दाबलं. फोटोत त्याचं कोपर आलंय, आणि आजीबाई त्या कोपराकडे बघून हसतायत. तसाच छापून पोस्टाने पाठवला.