धोंड्याच्या ताटावर मागितलेली डबी

आमच्या सासऱ्यांना अफूचं व्यसन नव्हतं. हे त्यांनी मला लग्नाच्या मांडवातच सांगितलं होतं. दाढ ठणकायची म्हणून कुणीतरी मोहरीएवढी गोळी दिली, तेव्हापासून ते औषध घेत होते. दाढ केव्हाच पडून गेली होती. औषध मात्र चालू होतं, गोळी हरभऱ्याएवढी झाली होती आणि अफूची डबी कायम कमरेला असे. शिंदी पिणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. पारावर बसून ते शिंदीचे तोटे सांगत आणि सांगता सांगता मधेच त्यांचा डोळा लागे. ऐकणारी माणसं भली, ती चपला हातात घेऊन उठून जात.

निजामाच्या मोगलाईत अफू चोरून खायची गरज नव्हती. नांदूरघाटच्या बाजारात सरकारी मक्त्याचं दुकान राजरोस उघडं असे, त्यामुळे घरात सगळे या औषधाला हसत. हसणं थांबलं ते एका थंडीत. सकाळी शेकोटीपाशी सासऱ्यांना गुंगी आली, धोतराचा सोगा पेटला आणि पोटरी भाजली. सासूबाईंनी तांब्या ओतला तेव्हा ते जागे झाले, आणि आपल्याला भिजवलं म्हणून सासूबाईंवरच रागावले.

माझी बायको माहेराहून परतली ती घाबरून.

"पुढल्या खेपेला आबा जळून जातील तरी त्यास्नी कळायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमी बोला. बाकी कुनाची छाती न्हाई. जावयाचं ते मोडत न्हाईत."

सासऱ्याला तोंडावर 'व्यसन सोडा' म्हणणारा जावई आमच्या भागात अजून जन्मायचा होता. पण जावयाचाही एक दिवस असतो. दर तीन वर्षांनी धोंड्याचा म्हणजे अधिक महिना येतो. जावयाला बोलावतात, पाटावर बसवतात, पुरणाचे धोंडे वाढतात. त्यानं ताटाला हात न लावता रुसून बसायचं, सासऱ्यानं 'काय पाहिजे' म्हणून विचारायचं आणि चारचौघांत मागेल ते द्यायचं. मागच्या धोंड्याला माझ्या साडूनं दुभती म्हैस मागून नेली होती. सासूबाई अजून म्हशीची आठवण काढत. साडूची काढत नसत.

त्या वर्षी मी रुसलो. घर पाहुण्यांनी भरलं होतं.

"बोला जावईबापू," सासरे म्हणाले. "काय पायजे? बैल? अंगठी?"

"मामा, तुमच्या कमरेची डबी द्या."

माझ्या अकलेचं कौतुक होईल, असं मला वाटलं होतं. सासूबाईंच्या हातून तुपाची वाटी पडली. साडू म्हणाला, "आरं देवा, हे बी त्यातलंच निघालं!" सासऱ्यांनी जड हातानं डबी सोडली, माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि हळूच विचारलं, "कवापासून?"

मी खात नाही, असं मी सांगितलं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मी आवाज चढवून सांगितलं.

"सगळे असंच म्हनत्यात," सासरे म्हणाले.

बायको काही सांगायला पुढं आली, तर बायकांनी तिला आत नेलं आणि तिच्या नशिबाला रडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी गाडी जुंपली. नांदूरघाटला एक हकीम होते, त्यांना मला दाखवायचं ठरलं होतं. "लेकीचा संसार हाय बापू, लाजू नका," असं म्हणत ते वाटभर जांभया देत होते. डबी माझ्या बंडीच्या खिशात होती, आणि धोंड्याला दिलेलं परत मागता येत नाही. त्यांच्या हातातला कासरा थरथरत होता. बैल हिसके देतायत, असं ते म्हणाले. बैल बिचारे सरळ चालले होते.

"बीमार कोन हय?" हकीमसाहेबांनी विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"वखत टळला तर काय होतं?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे बोलले, "जांभया येत्यात. नाक गळतंय. पोटऱ्या आतून कुनी पिळल्यावानी दुखत्यात. उन्हात बी अंगावर काटा येतोय."

"सोडून पाहिली?"

"लई डाव. दुपारपतुर. मग म्हनायचं, आज ऱ्हाऊ दे, उद्या सोडू."

हकीमसाहेब आता माझ्याकडं बघतच नव्हते. "नशा आहे, हे कबूल करतात?"

"छ्या! औषध हाय म्हनायचं. सगळे असंच म्हनत्यात. मी बी..."

सासरे थांबले. गळणारं नाक त्यांनी उपरण्यानं पुसलं आणि त्या ओल्या उपरण्याकडं बघत राहिले. मला तोवर हसू आवरत नव्हतं, ते कुठल्या कुठं गेलं. माझ्या वडिलांच्या वयाचा तो माणूस, फार वाईट वाटलं मला.

"हकीमसाहेब," ते म्हणाले, "जावयाला घरी जाऊ द्या. दवा मला द्या."

हकीमसाहेबांनी एकदम सोडू दिलं नाही. गोळी हळूहळू बारीक करायची, आणि डबी अशा माणसाच्या हाती ठेवायची, ज्याच्यावर यांना ओरडता येत नाही. असं माणूस एकच होतं. डबी लेकीकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं गेली आणि डबीमागून सासरे पाटोद्याजवळ आमच्या गावी राहायला आले. लेकीच्या घरी मुक्काम न करणारा बाप. गावाला काय सांगायचं? "जावयावर नजर ठेवायला आलोय," त्यांनी सांगून टाकलं.

गावाला ते लगेच पटलं. मी दिसलो की लोक कुजबुजत आणि सासऱ्यांकडं माझी चौकशी करत.

"सुधरतोय," सासरे गंभीरपणे सांगत. "काल लई तळमळला बिचारा."

तळमळले होते ते स्वतः. घरात जमिनीवर लोळले होते, डबीसाठी पोटच्या लेकीपुढं हात जोडले होते. तिनं ठरलेली तेवढीच दिली आणि आत जाऊन डोळे पुसले. मी गावात कुणाचं काही खोडून काढलं नाही. आजही आमच्याकडच्या म्हाताऱ्या मला सुधारलेला माणूस समजतात.

मग थंडी आली. एका सकाळी अंगणात तुराट्यांची शेकोटी केली होती. तुराटी तडतडली आणि एक ठिणगी सासऱ्यांच्या पायावर उडाली. सासरे "आयायाया" करत ताडकन उठले आणि त्यांनी मला, माझ्या तुराट्यांना आणि माझ्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या.

बायको पिठाच्या हातानं धावत आली. "पोळलं का आबा? लई पोळलं का?"

"आग हाय ती! पोळंल न्हाई तर काय हुईल?"

ती मटकन ओट्यावर बसली आणि रडता रडता हसायला लागली.

"अवं, आबास्नी पोळलं," तिनं मला सांगितलं, मी तिथंच उभा असून.